रेवाला आई नव्हती

दुपारची आवराआवर करून द्वारकाताई जरा पाठ टेकतात. झोपायचं काही मनात नाही. वर पंखा कुरकुरतोय, शेजारच्या परसात कुणी धुणं आपटतंय, आणि त्या आपटण्याने हळूहळू ठेका धरलाय. कीर्तनात मुरलेल्या कानाला कशातही ठेका सापडतो. ताई मनातल्या मनात त्याच्यामागून चालू लागतात. चालता चालता धुणं लांब जातं, पंखा लांब जातो, आणि खोलीच्या कोपऱ्यातला टीव्ही आपोआप लागतो.

खोलीत टीव्ही नाही. असायचा तो दुकानात.

ताई उठून बसतात तर दुकानातच. ‘पोतदार रेडिओ सर्व्हिस’, गडहिंग्लजच्या पेठेतलं, थोरल्या भावाचं. भालूदादा जाऊन सहा महिने झाले. दुकान भाड्याने दिलं, तिथं आता मोबाइलची कव्हरं लटकतात. पण आत्ता तिथं सगळं जागच्या जागी आहे. पोट उघडून ठेवलेले रेडिओ, तापल्या कथलाचा वास, फळीवर ओळीने टीव्ही. सगळ्या पडद्यांवर एकच चित्र आहे. काळंभोर आभाळ आणि त्यातून एकटंच निघालेलं जहाज.

म्हणजे ‘दूरगामी’ लागलीय. रविवार असणार.

दादा पाठमोरा बसलाय. हातात पेचकस, अंगात तीच बाह्या दुमडलेली बनियन. “बस,” तो मागं न बघता म्हणतो. “जाहिराती चालल्यात.”

ताई बसतात. दादा गेलेला आहे हे त्यांना ठाऊक आहे, पण ते आत्ता बोलायचं नाही एवढीही समज आहे. पाहुणा जेवत असताना त्याला गाडीची वेळ सांगत नाहीत, तसं.

या मालिकेनं दादाला कसं वेड लावलं होतं ते काय सांगावं. वाट चुकलेलं जहाज, त्याची कप्तान रेवा, आणि घरी परतायची धडपड. मालिका चालू झाली तेव्हा दादाचे केस काळे होते. ती शेवट न करताच बंद पडली, तेव्हा दादाला आठवडाभर जेवण गेलं नाही. मग तिच्यावर सिनेमे निघाले, एकामागून एक, आणि प्रत्येक वेळी रेवा घराच्या जरा जवळ येऊन पुन्हा भरकटली. या वेडापायी दादाने दुकानात एक मित्रमंडळ जमवलं होतं. चांगली पिकल्या मिशांची माणसं बाकड्यावर बसून जहाजाच्या इंजिनावरून भांडायची. मंडळाचा नियम एकच, पण कडक. ज्याने पाहिलं नाही त्याला शेवट सांगायचा नाही, आणि आपण पाहिलं नसेल तर ऐकायचा नाही. नवा सिनेमा लागला की तो बघून होईपर्यंत दादा कानात कापूस घालून बाजाराला जायचा. भाजीवाली म्हणायची, पोतदारांना सर्दी झाली वाटतं.

ताईंना त्याचं हसू यायचं. तरुणपणी कपाळ रिकामं झालं आणि त्या भावाच्या घरी आल्या, तेव्हापासून त्यांना कीर्तनानं सावरलं. गावात कुठंही कीर्तन असो, ताई बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत, हातात झांज. दादा चिडवायचा, तुझ्या कीर्तनात अख्ख्या मांडवाला शेवट ठाऊक, तरी रडता कशाला? ताई म्हणायच्या, तुमच्यात कुणालाच ठाऊक नाही, मग डोळे फोडता कशाला? आणि दोघं आपापल्या देवाला जायचे.

“चल,” दादा पेचकस ठेवून म्हणतो. “लोक खोळंबलेत.”

तो दुकानाच्या मागचं दार उघडतो. मागं न्हाणीघर होतं. आत्ता मारुतीच्या देवळाचा सभामंडप आहे. सतरंज्या अंथरल्यात, समया लागल्यात, आणि रांगेने माणसं बसलीत. ताई एकेक चेहरा ओळखतात. सगळे मंडळातले, आणि सगळे गेलेले. कुणी दुसऱ्या सिनेमाच्या आधी, कुणी तिसऱ्याच्या नंतर. शेवट न बघता ज्यांनी डोळे मिटले ते सगळे. प्रत्येकाच्या कानात कापूस आहे. तो नियमाचा की तिरडीवर घालतात तो, हे ताईंना उमगत नाही, आणि विचारायचा धीर होत नाही.

पुढं बसलेले मगदूम तलाठी जरा सरकून जागा करतात. जिवंतपणी मोठे भांडखोर गृहस्थ. आता मऊ आवाजात म्हणतात, “हीच का हो तुमची बहीण? शेवट आणला तो हिनंच?”

“हिनंच,” दादा म्हणतो. त्याच्या आवाजात असा अभिमान ताईंनी कधी ऐकला नव्हता.

मगदूम सांगू लागतात. दादा इथं आला तो शेवट घेऊनच आला. केवढा आनंद झाला मंडळींना. आता रोज तोच सांगायचा आणि रोज तोच ऐकायचा. रेवाचं जहाज अंगणात उतरतं, म्हातारी आई दारात येते, लेकीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकते आणि पायांवर पाणी घालते. तिथं आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांना धार लागते, बाई. कापूस भिजतो.

आई, अंगण, भाकरतुकडा, सगळं ताईंच्याच तोंडचं.

तेवढ्यात त्यांना दिसतं की बुवा जिथं उभे राहतात तिथं खाट आहे. घरातली, पुढच्या खोलीतली, निळ्या चादरीची. दादा तिच्यावर निजलाय आणि सकाळ झालीय, तीच सकाळ. सप्ताहाचा शेवटचा दिवस. ताई नेसून, अंबाडा घालून, झांजेची पिशवी खांद्याला लावून उभ्या आहेत. काल्याचं कीर्तन वर्षातून एकदाच. कधी चुकलं नाही. शेजारच्या वहिनींना लक्ष ठेवायला सांगितलंय. चपला पायात सरकवताना दादा उशीवर मान वळवून विचारतो, रेवाचं शेवटी काय होईल गं?

शेवटचा सिनेमा अजून निघायचा होता. कुणालाच काही ठाऊक नव्हतं. आणि ज्या माणसाने जन्मभर शेवट ऐकू नये म्हणून कान बंद करून घेतले, तो तोंडाने शेवट मागत होता. तेवढ्यावरून कळायला हवं होतं. मगदुमांना कळलं असतं, मंडळातल्या कुठल्याही माणसाला कळलं असतं, पिशवी खाली ठेवून तो खाटेशी बसला असता. पण ताईंचं आयुष्य कीर्तनात गेलेलं. तिथं शेवट कुणीही विचारतं, कुणीही सांगतं. त्यांना त्यात काही वेगळं वाटलंच नाही. “घरी येते रे,” त्या उंबऱ्यातून म्हणाल्या. “अंगणात आई भाकरतुकडा ओवाळते, पायांवर पाणी घालते, सगळं गोड होतं. मी गेले आणि आले.”

“रेवाला आई कुठली?” दादा म्हणाला होता. “ती जहाजावरच...”

“असते, सगळ्यांना असते,” असं म्हणून ताईंनी दार ओढून घेतलं होतं. परत आल्या त्या दही-लाह्यांचा द्रोण घेऊन. वहिनी दूध उतू जाईल म्हणून घटकाभर घरी गेल्या होत्या. दादाही गेला होता.

आता दादा खाटेवर उठून बसलाय आणि बहिणीकडे बघतोय.

“त्या दिवशी काल्याला गर्दी होती?”

“होती.”

“बुवांनी चांगलं केलं?”

आठवत नाही, असं ताईंच्या ओठांवर येतं. सहा महिने सगळ्यांना त्या हेच सांगत आल्यात. शिरगुप्प्यांनाही सांगितलं. ते मंडळातले उरलेले एकटे, काल ताईंना कोल्हापुरात शेवटचा सिनेमा दाखवायला घेऊन गेलेले. पण इथं त्या ते म्हणत नाहीत.

“फार रंगलं होतं, दादा,” त्या म्हणतात. “असं कधीच रंगलं नव्हतं. मी फुगडी घातली.”

“त्या दुखऱ्या गुडघ्यांसकट?”

“गुडघ्यांसकट. मला तुझी आठवणसुद्धा झाली नाही.”

दादा हसतो. चांगलं खळखळून हसतो, आणि त्या हसण्याने ताईंना जास्तच मेल्याहून मेल्यासारखं होतं. रागावला असता तर पाय धरता आले असते.

बाहेर टाळ वाजू लागतात. मृदंगावर थाप पडते. देवळाच्या दाराशी बायका उभ्या आहेत, कुणाचेच चेहरे दिसत नाहीत, नुसते पदर. चला ताई, काला निघाला, बुवा थांबलेत, असं म्हणतात. कुणीतरी हातात झांज देतं. त्या दिवसापासून ताईंनी तिला शिवलेलं नाही. ती पेटीत तळाशी आहे. पण हात कुठं विसरतोय. दोरी आपसूक बोटाला गुंडाळली जाते, पक्की, नेहमीसारखी. पायसुद्धा दाराकडे वळतात.

“जा,” दादा म्हणतो. टोमणा नाही, काही नाही. “आम्हाला तो शेवट आहे की. मगदुमांना सांगता येतो आता.”

ताई दोन पावलं जातात. मग मागं फिरतात आणि खाटेच्या कडेला, जिथं त्या दिवशी बसायला हवं होतं, तिथं बसतात.

“तो शेवट मी रचला, दादा. काल खरा बघून आले.”

सभामंडपात खळबळ होते. मगदूम दोन्ही हातांनी कानातला कापूस आत दाबतात आणि म्हणतात, आम्हाला भाकरतुकड्याचाच बरा आहे, बाई, उगाच हलवू नका. बाकीचेही कान झाकतात. एकटा दादा कापूस काढतो. सावकाश, एका कानातला, मग दुसऱ्या.

“पहिल्यापासून सांग,” तो म्हणतो. “घाई नाही ना?”

“नाही.”

आणि ताई सांगतात. सांगायची रीत त्यांना एकच ठाऊक. आधी मंगलाचरण, मग प्रसंगाला हात, मधे झांजेचा एक ठोका, पुन्हा कथा. इंजिनाचं त्यांना धड कळलेलं नाही, तिथं दादाच दुरुस्ती करतो. बाहेरचा काला रंगतो, टिपेला जातो, पांगतो. दाराशी उभ्या बायका निघून जातात. ताई उठत नाहीत. सभामंडपाचं छत कधी नाहीसं होतं कळत नाही. वर ते काळंभोर आभाळ आहे आणि खाट त्यात संथ चाललीय.

“मग घराचं दार सापडतं,” त्या सांगतात. “आभाळातच दार. पण बाहेरून कुणी तरी धरून ठेवलं तरच ते उघडं राहणार. मागं सगळी वाट चुकलेली जहाजं उभी.”

“रेवा धरते.”

“रेवा धरते. सगळे जातात. एकेक जहाज तिच्या अंगावरून जातं.”

“तिच्यासाठी कुणी थांबत नाही?”

काल थिएटरात याच जागी ताईंनी तोंडात पदर कोंबला होता. शिरगुप्प्यांना वाटलं, सिनेमा पाहून रडतायत.

“नाही, दादा,” त्या म्हणतात. “कुणी थांबत नाही. सगळ्यांना घरी जायची घाई असते.”

दादा मान हलवतो. एखाद्या रेडिओतला बिघाड सापडल्यावर हलवायचा, तशी.

“हे खरं वाटतं,” तो म्हणतो. “अंगणातलं गोड होतं, पण ते तिचं नव्हतं.” आणि जरा वेळाने, गिऱ्हाइकाला तार कुठं सुटली होती ते दाखवावं इतक्या सहज आवाजात, “द्वारके, त्या दिवशी ठाऊक नाही म्हणायचंस. आणि बसायचंस. तेवढंच पुष्कळ होतं.”

ताईंना बोलायचं आहे. क्षमा कर म्हणायचं आहे, नको करूस म्हणायचं आहे, काय ते त्यांचं त्यांना ठरत नाही. त्या झांज उचलतात आणि एक ठोका देतात. तो पितळेसारखा वाजत नाही. ओल्या कापडासारखा वाजतो, फटकन, दगडावर. पुन्हा वाजतो. पंखा जवळ येतो.

खोली. कोपरा रिकामा. परसातलं धुणं संपत आलंय, कुणीतरी पिळतंय, पाणी पडतंय. उशी ओली आहे, पण त्याचं ताईंना नवल नाही, या दिवसांत ती असतेच.

त्या उठतात, पदर सावरतात, आणि हात तिथंच थांबतो. तर्जनीच्या बुडाशी गोल लाल वळ आहे. दोरीचा पीळसुद्धा त्यात उमटलाय, बारीक, तिरपा, आत्ताच सोडल्यासारखा. पलंगाखाली पेटी आहे, तिला कुलूप आहे, आणि कुलपावर धूळ.

ताई खिडकीशी जाऊन उजेडात बघतात. अंगठ्याने दाबतात. वळ पांढरा पडतो, आणि अंगठा उचलताच पुन्हा भरून येतो.