गोड्या पाण्याने धुतलेला बोर्ड

मिथुन, तुझ्याबद्दल लिहिते आहे. रागावणार असशील तर रागाव. माझ्या वॉशिंग मशीनला तू तीनदा जीवदान दिलंस, त्या ओळखीवर लिहिते. तुझ्यासारख्या हाताचा माणूस पेणमध्ये दुसरा नाही, आणि तुझ्याइतका हट्टीही नाही. ओव्हनची गोष्ट तू एक सांगितलीस, किमयाने दुसरी. मी दोन्ही जोडून मांडली आहे. चुकलं असेल तर येऊन सांग.

मिथुनचं दुरुस्तीचं दुकान रामवाडीला, हायवेला लागून. दुकान कसलं, एक शटर, एक टेबल आणि एक भिंग. त्याचे वडील पुंडलिक जन्मभर मिठागरात राबले. तिथली रीत अशी की फावडं, कुलूप, सायकल, जे लोखंडाचं असेल ते संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवायचं आणि वाळवायचं, नाहीतर मीठ ते खातं. मिथुनने हीच रीत मशीनमधल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डांना लावली. खाडीच्या हवेने बोर्डावर हिरवट थर चढतो. कंपनीचे लोक ‘बोर्ड बदला’ म्हणून मोकळे होतात. हा ब्रशने धुतो, उन्हात वाळवतो, आणि दहातले आठ बोर्ड चालू होतात.

त्याची बायको किमया रोह्याजवळच्या वरशाची. लग्नानंतर केक शिकली, घरच्या ओव्हनवर ऑर्डरी घेऊ लागली. मग एका बारशाचं काम आलं, शनिवारी दीडशे कपकेक. हे नीट पार पडलं तर आपला धंदा उभा राहतो, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

मंगळवारी ओव्हन विसरायला लागला. एकशे ऐंशीवर लावलं की मध्येच शून्य, मग पडद्यावर कसलासा कोड, आणि ठप्प. मिथुनने बोर्ड बाहेर काढला. सप्लाय ठीक, सेन्सर ठीक, रिले ठीक. उरली मेमरी, म्हणजे आठ पायांची, तांदळाच्या दाण्याएवढी चिप. ओव्हन कुठल्या मॉडेलचा आणि सेन्सरचा कुठला आकडा म्हणजे किती उष्णता, ते सगळं तिच्यात लिहिलेलं. पायांवर हिरवं चढलं होतं.

अशा वेळी आधी चिपमधलं सगळं लॅपटॉपवर उतरवून घ्यायचं, मगच बोर्डाला हात लावायचा. गिऱ्हाइकाचा असता तर त्याने तेच केलं असतं. हा घरचा होता.

“मीठच लागलंय तं,” पुंडलिक म्हणाले. “धू नि उन्हात ठेव. त्यात काय इचार करतोस?”

त्याने धुतला. दोन तास कडक उन्हात ठेवला. चिपखाली थेंब राहिला असावा. बटण दाबताच बारीक ‘टिक’ झालं आणि अंधार. नंतर चिप लॅपटॉपला लावली, तर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एफ एफ, एफ एफ. कोरी.

“नवीन चिप नाय मिळत?” किमयाने विचारलं.

“मिळते. कोरी मिळते.”

“मग भरा की तिच्यात.”

“काय भरू?”

हेल्पलाइनवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, हे मॉडेल बंद झालंय सर, एक्स्चेंज ऑफर सांगू का? इंटरनेटवर कुणीतरी टाकलेली फाइल त्याने चिपमध्ये घातली. ओव्हन उजळला, पण स्वतःला भलतंच मॉडेल समजू लागला. पंखा जोरात फिरे आणि आत हात घातला तर गार.

गुरुवारी दुपारी किमयाला खांब गावची मावशी आठवली. धोंडुबाई. दोघींनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून एकाच मॉडेलचा ओव्हन घेतला होता. मावशी त्यात पापड ठेवते.

“मग सुटलंच की,” मिथुन म्हणाला. “तिची चिप वाचायची, ही भरायची. दहा मिनिटांचं काम. उद्या सकाळीच जाऊ.”

तीन दिवसांत किमया पहिल्यांदा हसली. “मावशीचापण धुऊन ठेवू नका म्हणजे झालं. गावभर सांगेल, आमचा जावई ओव्हन धुतो म्हणून.”

पुंडलिकही हसले. “किमया गो, आताच बादली लपवून ठेव.”

मिथुन हसला नाही, धुण्यावरची थट्टा त्याला लागली. जेवला नाही असंही नाही, नीट जेवला.

शुक्रवारी ती उठायच्या आत तो नागोठण्याला एका वॉशिंग मशीनच्या कामावर निघून गेला. काम तासाभरात उरकलं. खांब तिथून पुढे अर्ध्या तासाच्या आत. तो चहाच्या टपरीवर बसून राहिला. ती फोन करेल, या म्हणेल, मग जाऊ. इकडे ती अंघोळ करून, साडी नेसून बसली. गेला तो त्याने फोन करावा. बारा वाजले. शिकलेली माणसं आहेत ही, दोघांकडे दोन फोन आहेत. संध्याकाळी तिने बारशाच्या घरी फोन करून, जमत नाही, असं सांगितलं. त्या लोकांनी चांगलंच ऐकवलं. तिने ऐकून घेतलं.

आता किमया वरशाला माहेरी राहून एका बेकरीत कामाला जाते, शनिवारी पेणला येते. भांडण असं काही झालेलं नाही. तिची एसटी येता-जाता खांबला थांबते. मावशीचा मध्ये दोघांनाही फोन झाला, पापड संपले, ओव्हनचा डबा रिकामा हाय, कधीपण या. दोघांनीही येतो म्हणून सांगितलं. चिप वाचायची क्लिप मिथुनच्या पिशवीत असते. खांबला मात्र अजून कोणी गेलेलं नाही.