मेन स्विच आणि सुशीला मॅडम

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. संत तुकाराम नगरचं आमचं बौद्ध घर, वडील कंपनीत फिटर. चमत्कार हा शब्द घरात चालायचा नाही. मी स्वतः बारा वर्षं लिफ्टची कामं करतोय. म्हणून जे घडलं तेवढंच सांगतो.

देहूरोडजवळ एका चर्च संस्थेचं मुख्यालय आहे. शाखा कितीतरी देशांत, कारभार मात्र इथून. चार मजली दगडी इमारत — इतकी मायेने राखलेली वास्तू मी दुसरी पाहिली नाही. परदेशी पाहुणे आणि आम्ही कामगार, जेवायला एकाच टेबलावर. हे सगळं सांभाळतात सुशीला मॅडम. नगरकडच्या, साठी उलटलेली, गुडघे पार गेलेले.

तिथल्या लिफ्टचं काम होतं त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास गेटबाहेर चहा घेऊन आलो आणि लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरलो. लिफ्ट हलू न देणारं तिथलं स्टॉपचं बटण दाबायचं राहिलं — चूक माझीच. वरून कुणीतरी बटण दाबलं, लिफ्ट खाली यायला लागली. निघायला गेलो तर बूट लोखंडी पट्टीत अडकलेला. ओरडायला तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. मुलीचा चेहरा डोळ्यांसमोर आला... आणि डोक्यापासून वीतभर अंतरावर लिफ्ट थांबली.

कसाबसा बाहेर पडलो आणि लिफ्टची वीज जिथून बंद होते त्या गच्चीवरच्या मशीन रूमकडे धावलो. तिथे मेन स्विचवर हात ठेवून सुशीला मॅडम उभ्या होत्या, धापा टाकत.

"तूच म्हणालास ना, मॅडम, मेन बंद करा? खाली रिसेप्शनवर स्पष्ट ऐकलं मी."

मी हाक मारलीच नव्हती. पण खरी गोष्ट पुढे आहे. लिफ्टला खाली यायला जेमतेम दहा सेकंद लागतात. लिफ्टचं काम चालू म्हणून मॅडम जिन्याने आलेल्या, आणि त्यांना चार मजले चढायला दहा मिनिटं. वॉचमनला विचारलं, तर तो म्हणाला, मॅडम जिन्याकडे गेल्या तेव्हा तू माझ्यासमोर चहा पीत होतास.

चार वर्षं झाली. भास, योगायोग, सगळं लावून पाहिलं... कशानेच उलगडा होत नाही. मॅडमनी याचा कधी गाजावाजा केला नाही. मी एकदाच विचारलं, त्या गुडघ्यांनी चढताना मध्ये थांबावंसं नाही वाटलं का?

"वाटलं रे," त्या म्हणाल्या. "प्रत्येक पायरीला वाटलं."