पायाखालची वाकळ

गुरुवार आमचा वार. सकाळी तेरहून धाराशिवची एसटी धरायची, नातीला, प्राचीला, पाय लांब करता येईल अशी जागा बघायची आणि स्टँडवरून रिक्षानं तिच्या पायाच्या व्यायामाला वैजयंताबाईंच्या खोलीवर जायचं. चार महिने हेच चाललेलं. त्या गुरुवारी गेलो तर खोलीला कुलूप. म्हटलं, येतील, चहाला गेल्या असतील. पायरीवर बसलो. समोरचा मेडिकलवाला काउंटर सोडून रस्ता ओलांडून यायला लागला, तशी मी उठून उभी राहिले. "आजी, तुमाला कुणी फोन न्हाय केला का? बाई गेल्या. सोमवारी. हार्टअटॅक आला." खरं सांगते, लपवून काय करू, त्या घडीला माझ्या मनात बाई आल्याच न्हाईत. आला तो प्राचीचा गुडघा. आता ह्या पायाचं कसं व्हायचं? बाईंसाठी रडू फुटलं ते परतीच्या एसटीत, तिकीट काढताना. कंडक्टर विचारतोय कुठं, आणि माझ्या तोंडून तेर निघंना...

प्राची माझ्या लेकाची लेक, अकरावीला. तिचे आईबाप दोघंही नोकरीला, म्हणून दिवसभर ती नि मी. पोरीला खो-खोचं भलतं वेड. खांबापाशी वळताना तिचा पाय जागेवरच राहिला आणि अंग फिरलं. गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. सोलापूरला दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, आणि डॉक्टर म्हणाले, आमचं काम निम्मंच, उरलेलं फिजिओथेरपीचं. म्हणून आम्ही बाईंकडं गेलो.

वैजयंताबाई मूळच्या परंड्याच्या, वय पन्नाशीच्या पुढं, ठेंगण्या, नखं अगदी मुळापासून कापलेली. पहिल्या दिवशी त्यांनी प्राचीचा गुडघा वाकवला, तशी ती ओरडली. तिच्यापेक्षा मोठ्यानं मी ओरडले. बाईंनी हात थांबवला. "आजी, गुडघा कुणाचा?" म्हटलं, हिचा. "मग तिला ओरडू द्या की. तुमी कशाला तिचं काम करताय?" आणि सरळ माझी खुर्ची भिंतीकडं फिरवली. "कॅलेंडर वाचा. संपलं की मागची पानं वाचा." चार महिन्यांत त्या कॅलेंडरातल्या सगळ्या पौर्णिमा मला पाठ झाल्या.

पण गाडी अडली ती भलत्याच जागी. गुडघा वाकायला लागला, सरळ मात्र होईना. बाई प्राचीला पलंगावर आडवी करायच्या आणि गुडघ्याखालून आपला हात घालायच्या. "बघ, हात जातोय. जाता कामा न्हाय. पाय पलंगाला टेकला पायजे." दर गुरुवारी हात आरपार जायचा. सातव्या आठवड्यात त्यांनी विचारलं, "घरी गुडघ्याखाली काय ठेवता का? उशी, लोड?" प्राची म्हणाली, "न्हाय बाई, पहिल्याच दिवशी तुम्ही नको म्हणालात ना." पोरगी तिच्या परीनं खरंच बोलली. मी भिंतीकडं तोंड करून बसलेली... कॅलेंडरातली एकच तारीख पुन्हा पुन्हा वाचत राहिले. बाई म्हणाल्या, असंच राहिलं तर परत सोलापूरला न्यावं लागेल, भूल देऊन सरळ करावा लागेल. लंगडी चाल पडली तर खो-खो विसरायचं.

 गुडघ्याखाली ठेवत होते मीच. दुपारी गोळीनं तिचा डोळा लागला की ती झोपेत कण्हायची. आमच्यात बाळंतीण असो की आजारी माणूस, दुखऱ्या अंगाखाली मऊ द्यायचं, हे मी लहानपणापासून बघितलेलं. मी जुन्या लुगड्यांच्या वाकळेची घडी करायची, हळूच गुडघ्याखाली सरकवायची. कण्हणं थांबायचं. रात्रीही तेच. तिला जाग यायच्या आत काढून घ्यायची. मला वाटायचं, डॉक्टर लोकांना काय कळतंय लेकराचं दुखणं. आणि त्याच आरामात गुडघा अर्धवट वाकलेला आखडत चालला होता. तो आठवडाभर मला जेवण गोड लागलं न्हाय. ती चालताना मी तिच्या टाचेकडंच बघत राहायची.

पुढच्या गुरुवारी बाईंनी प्राचीला बाहेरच्या खोलीत सायकलीवर बसवलं, आणि मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता हाकलून देतील. त्या म्हणाल्या, "झोपा इथं." माझ्याच टाचेखाली टॉवेलची गुंडाळी दिली, गुडघा अधांतरी. पाच मिनिटांत मागच्या शिरा ताणून डोळ्यांत पाणी आलं.

"दुखतंय?"

"व्हय."

"वाकळ द्यावी वाटती का खाली?"

"लई."

"मग झालं तर. तुमी वाईट न्हाय, आजी. भित्र्या हाव. भित्र्या माणसाला शिकवता येतं." मग त्यांनी माझे हात धरून शिकवलं, गुडघ्यावर न्हाय, वर मांडीवर, सावकाश, श्वास सोडत दाबायचं. मी विचारलं, पोरीला सांगू का? "ते तुमचं तुमी ठरवा. पण आज नको. आज घरी दाबायला तिला तुमचाच हात लागणार हाय."

तेव्हापासून वाकळ ट्रंकेत गेली. हात जायचा तिथं चार बोटं जायला लागली, मग तीन, मग दोन. आणि दोनावर आलं असताना बाई गेल्या...

बुद्धविहारात त्यांचं पुण्यानुमोदन होतं, श्रद्धांजलीचा कार्यक्रम. फोटोपुढं फुलं वाहून लोक गुडघे टेकत होते, आणि मला प्रत्येकाचे गुडघेच दिसत होते. कुणीतरी म्हणालं, आजी, तुम्ही चार शब्द बोला. मी उठलेच न्हाय. बोलायचं म्हटलं तर वाकळेचं सांगावं लागलं असतं, आणि ते माहीत असलेलं एकच माणूस त्या फोटोत होतं.

हा लेख पेपरच्या पुरवणीला पाठवायच्या आधी काल संध्याकाळी प्राचीला वाचून दाखवला. छापून आल्यावर तिला कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळावं. ती टाचेखाली टॉवेल घेऊन पडली होती. वाकळेचं सगळं वाचून झालं. तिनं वर पत्र्याकडं बघत विचारलं, "रोज?"

"रोज."

"आणि बाईंना माहीत होतं?"

"व्हय."

 मला वाटलं, आता पाय ओढून घेईल, मला हात लावू देणार न्हाय. ती म्हणाली, "कागद ठिव बाजूला. बघ किती जातंय." मी गुडघ्याखाली हात घातला. दोन बोटं. अजून दोन जातात. "दाब."

"दुखंल गं."

"दुखू दे."

मांडीवर हात ठेवले.  श्वास सोडला आणि दाबलं. ती कळवळून ओरडली, माझ्या दंडाला नखं रुतली तिची... मी हात उचलला न्हाय.