अर्धा टँकर

परवा दातांच्या दवाखान्यात लवंगतेलाचा वास आला आणि लातूर नवीन जिल्हा झाला तेव्हाचा दुष्काळ आठवला.

गावात टँकर आला होता. थोरल्या जाऊबाई दाढेत लवंगतेलाचा बोळा धरून माझ्यासोबत रांगेत उभ्या होत्या. वरून विटेचा शेक घेऊन गाल आणखीच सुजला होता, अंगात ताप होता. मी त्यांच्या तोंडाला तांब्या लावला, तर पाणी ओठांवरूनच ओघळलं. तोंड उघडेना, घोट उतरेना.

मागची बाई म्हणाली, "ही नुसती दाढ न्हाई. सूज गळ्यात उतरायलीय. आत्ताच लातूरला न्या."

एसटी संध्याकाळी होती. टँकरचा ड्रायव्हर म्हणाला, "मी नेतो, पण टाकीत अर्धं पाणी हाय अजून."

"ऱ्हाऊ द्या. आधी हिला न्या," बायका म्हणाल्या आणि रिकाम्या घागरी उचलून बाजूला झाल्या.

लातूरच्या डॉक्टरांनी लगेच पू काढला, दाढही काढली. थोड्या दिवसांनी जाऊबाई त्याच टँकरमधून गावात उतरल्या. रांगेतल्या पहिल्या बाईनं आपली घागर भरायच्या आधी त्यांना तांब्या भरून दिला. सगळ्याजणी त्यांच्या गळ्याकडे बघत राहिल्या. घोट खाली उतरला, मग रांग पुढं सरकली.