पलीकडे दाखवून या

"माह्यावर भरोसा ठेवू नका. पलीकडे दाखवून या." हात पुसत पुसत मशीनवाले भाऊ प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच सांगायचे. घाटंजीत इंजिनाचं हेड दुरुस्तीला कोणाकडे न्यावं, असं तुम्ही तेव्हा मला विचारलं असतं, तर मी याच माणसाकडे पाठवलं असतं. जो स्वतःच भरोसा ठेवू नका म्हणतो, त्याच्यावर नाही ठेवायचा तर कोणावर?

पलीकडे म्हणजे रस्त्याच्या समोरच्या बाजूला, जाड भिंगांचा चष्मा लावणारा दुसरा मशीनवाला. व्हॉल्व्ह टेकतो ती सीट किती रुंद कापावी, एवढ्यावरून दोघांचं बोलणं कायमचं बंद. पण एकाचं काम दुसऱ्यानं तपासल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हाती पडायचं नाही!

माझी जीप कापूस वेचणाऱ्या बायांना शेतावर नेते. ऐन वेचणीत ती धूर ओकू लागली, ओढेना. भाऊंनी सीटा कापल्या, व्हॉल्व्ह बसवले आणि ते लोखंडी धूड माझ्याच उरावर दिलं. पलीकडच्यानं हेडच्या भोकांत डिझेल ओतलं आणि व्हॉल्व्हच्या कडेला डोळा लावला.

"त्याले सांग, तिसरी पाझरून राह्यली."

भाऊ समोर उभे राहून ऐकतच होते. मी ओरडलो, "भाऊ, ऐकलं ना?"

"मले काही ऐकू आलं नाही. तू इकडे येऊन सांग."

गेलो, सांगितलं.

"त्याले विचार, चष्मा पुसला होता काय?"

मी पुन्हा रस्त्यात. एसटीवाला हॉर्न मारून मारून थकला. अशा चार फेऱ्या झाल्या, माझी कंबर कामातून गेली, आणि मग भाऊंनी मुकाट्यानं तिसरी सीट पुन्हा कापली. पुढे कितीतरी हंगाम जीप कुठे अडली नाही.

यंदा दिवाळीनंतर भाऊ गेले. मला घरचं माणूस गेल्यासारखं झालं.

आणि नेमकी आता जीप पुन्हा बसली. शेतावर बाया खोळंबलेल्या, म्हणून पलीकडच्याकडे गेलो. त्यानं सीटा कापल्या, डिझेल ओतून पाहिलं. एक थेंब नाही. मी हेड उचलायला वाकलो, तर त्यानं हात आडवा घातला.

"असा कसा नेतं? समोर दाखवून ये."

"काका, तिकडे कोण आहे आता?"

"दाखवून ये म्हटलं ना! बिना तपासलेलं काम मी देत नाही."

काय करता? हेड उचललं, भाऊंच्या बंद शटरपुढच्या पायरीवर ठेवलं, डिझेल ओतलं आणि वाकून बघत बसलो. लोक माझ्याकडे बघत होते. थेंब काही पाझरला नाही.

पलीकडून हाक आली, "काय म्हणते तो?"

मी ओरडलो, "चष्मा पुसला होता काय, म्हणते!"

काकांनी चष्मा काढला आणि बराच वेळ सदऱ्याच्या टोकानं पुसत उभे राहिले.