निळी पत्रं

गुरुजी उजवी मूठ छातीपाशी धरायचे, क्षणभर थांबायचे आणि पाचही बोटं उघडून म्हणायचे, "सोडलं!" मुठीत चिमणी असावी आणि ती भुर्रकन उडून जावी, तसं ते दिसे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. पुढे पुढे मला त्या मुठीची भीती वाटायला लागली.

बहात्तरच्या दुष्काळातून आमचा भाग नुकता सावरत होता. मी परतूरच्या शाळेत नवीन मास्तर म्हणून लागलो होतो आणि गुरुजींच्या घराची रस्त्याकडची खोली भाड्याने घेतली होती. गुरुजी त्याच शाळेतून निवृत्त झालेले. घरात ते आणि काकू, दोघंच. एकुलती एक मुलगी दूर धावड्याला दिलेली.

काशीला जाऊन आलेला माणूस तिथं एक आवडीचा जिन्नस सोडून येतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच. आमच्याकडची हुशार मंडळी पडवळ सोडून यायची. पडवळ परतूरच्या बाजारात कधी दिसायचंच नाही. गुरुजी मात्र काकूंच्या हातचं भरलं वांगं सोडून आले. ते त्यांना इतकं आवडायचं, की ते केलेलं असेल त्या दिवशी ते शाळेतून धावत घरी येत म्हणे. "आवडीचं असंल तेच सोडायचं. बाकीचं सोडणं बिलकुल ढोंग," ते म्हणत.

काशीत एकच गोष्ट सोडायची असते. गुरुजी थांबलेच नाहीत. दर आषाढी एकादशीला ते आणखी काहीतरी सोडायचे. एका वर्षी चहा गेला, मग चपला, मग गादी. गाव वाहवा करायचं, बायका वाकून नमस्कार करायच्या. मीही शाळेत मोठ्या अभिमानाने सांगत असे, की मी एका विरक्त माणसाच्या घरात राहतो. काकू तेवढ्या त्यात नसायच्या. एकदा भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "मास्तर, आवडीचं सरत आलंय आता. मंग कशाला हात घालतील?"

त्या आषाढीला ते कळलं. गुरुजींनी मूठ छातीशी धरली आणि जरा जास्तच वेळ धरली. चार महिने गावाची शीव ओलांडायची नाही आणि मुलीचं पत्र वाचायचं नाही, असं ते म्हणाले आणि बोटं उघडली.

मुलीचं लग्न झाल्यापासून गुरुजींचा जीव त्या पत्रांत होता. पोस्टमनची सायकल दिसली की जप अर्धा टाकून उठायचे. दर पंधरवड्याला पोस्टकार्ड यायचं. तिचं अक्षर त्यांनीच घोटून घेतलेलं, अगदी त्यांच्या वळणाचं. ते कार्ड काकूंना तीनतीनदा वाचून दाखवायचे, कारण काकूंना वाचता येत नव्हतं. साऱ्या गावाला शिकवलं आणि घरात तेवढं राहून गेलं.

मी धीर करून म्हणालो, "गुरुजी, अनासक्ती म्हणजे कर्तव्य करायचं आणि फळाची आशा धरायची नाही, असंच ना? मुलीचं पत्र वाचणं, तिला उत्तर देणं, हे कर्तव्यच झालं की."

"ते पुस्तकातलं झालं," ते म्हणाले. "मी वाचलं की चार दिवस तिच्यातच ऱ्हातो. जिथं जीव अडकला तिथूनच तोडावं लागतं."

मला पुढे बोलता आलं असतं. मी बोललो नाही.

श्रावणात पत्र आलं, ते कार्ड नव्हतं. निळं, चिकटवलेलं आंतरदेशीय पत्र होतं. गुरुजींनी ते न फोडता देव्हाऱ्यात ठेवलं. आठ दिवसांनी दुसरं आलं. मग तिसरं.

गुरुजी मारुतीला गेलेले पाहून काकू माझ्या दाराशी आल्या. पदराखाली तिन्ही पत्रं होती.

"मास्तर, कार्ड येत व्हती तवर मला भ्या न्हवतं. कार्ड कुनीबी वाचतंय. आता निळी येऊन राह्यलीत. कुनी वाचू न्हाई असं काय लिव्हत असंल पोरगी? तुमी बघा की जरा."

मी पत्राला हातसुद्धा लावला नाही. "काकू, गुरुजींचं व्रत आहे. मी कसं मोडू?" म्हणालो. वर हेही म्हणालो, की कार्तिकीला व्रत सुटेल, काळजी करू नका. काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि पत्रं पुन्हा पदराखाली घेतली. आज हे लिहिताना मला माझी लाज वाटते.

चौथं पत्र भाद्रपदात आलं. त्यानंतर एकही नाही. दसरा झाला. गुरुजी समाधानाने म्हणाले, "बघा, तिकडं पन मोह सुटला." काकू देव्हाऱ्यासमोर बसून त्या चार निळ्या घड्यांकडे बघत राहायच्या.

दिवाळीला आठ दिवस असताना धावड्याहून एक माणूस आला. तो पाणीसुद्धा प्यायला नाही. पाणी काढताना पोरीचा पाय घसरला, विहिरीत गेली, एवढंच बोलला आणि सगळं उरकून आलो म्हणाला.

काकूंनी पत्रं माझ्यापुढे टाकली. "आता वाचा," म्हणाल्या. गुरुजी भिंतीला टेकून बसले होते.

मी वाचलं. पहिल्यात तिने छळाचं सगळं सविस्तर लिहिलं होतं. दुसऱ्यात लिहिलं होतं, अण्णा, न्यायला या, तुम्ही आलात तर पाठवतील. तिसऱ्यात, अण्णा, माझं काही चुकलं का, उत्तर का नाही? चौथं चारच ओळींचं होतं आणि आईला होतं. "आई, अण्णा वाचत नसतील तर पुढच्या खोलीतल्या मास्तरांकडून वाचून घे. ते नाही म्हणणार नाहीत."

ती ओळ मी मोठ्याने वाचली. न वाचण्याची सोय उरली नव्हती.

त्या दिवसापासून काकू गुरुजींशी एक शब्द बोलल्या नाहीत. ताट वाढायच्या, पाणी ठेवायच्या आणि आत जायच्या. गुरुजींच्या तोंडून 'सोडलं' हा शब्द मी पुन्हा ऐकला नाही. कार्तिकी आली आणि गेली, व्रत सोडायचं कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

उन्हाळ्यात मी बदली मागून घेतली. सामान टांग्यात ठेवून निरोप घ्यायला गेलो, तर गुरुजी ओट्यावर बसलेले. तेवढ्यात पोस्टमनची सायकल आली. गुरुजी उठले, अनवाणीच रस्त्यावर गेले आणि त्यांनी उजवा हात पुढे केला, पाचही बोटं उघडी.

"काही न्हाई गुरुजी," पोस्टमन हळूच म्हणाला आणि पुढे गेला. टांगा वळेपर्यंत मी बघत होतो. त्यांनी हात खाली घेतला नव्हता.