टीव्हीघराचं निर्लेखन

काजळखेडात टीव्हीघर कुठं आहे असं विचारलं तर शाळकरी पोरगंसुद्धा बोट दाखवायचं. खरं तर टीव्ही तिथून उचलून नेल्याला अठरा वर्षं झाली होती आणि दारावरच्या पाटीवर चांगलं ठसठशीत 'ग्रामपंचायत करमणूक केंद्र' असं लिहिलेलं होतं. पण गावानं एकदा ठेवलेलं नाव पाट्यांना भीक घालत नाही. जळगाव जामोदकडून येणाऱ्या एसटीचा कंडक्टरही "चला, टीव्हीघरवाले उतरा" असंच ओरडायचा. या टीव्हीघराचे राखणदार, झाडणारे, उघडणारे, लावणारे आणि स्वतःच्या मते मालक म्हणजे पुंजाजी. ग्रामपंचायतीच्या दप्तरात त्यांचं पद शिपाई असं होतं, ते त्यांनी फारसं मनाला लावून घेतलं नाही. साठी झाल्यावर निवृत्त झाले, तरी किल्ली त्यांच्याकडेच राहिली, कारण ती मागायचं कोणाला सुचलंच नाही.

शहाऐंशी साली इमारत उभी राहिली तेव्हा पुंजाजी सव्वीस वर्षांचे होते. सातवी पास, घड्याळ कळणारे, दारू न पिणारे. एवढ्या तीन गुणांवर नोकरी मिळाली. रोज पाच वाजता दार उघडायचं, एकच लांबलचक सतरंजी अंथरायची, टीव्ही लावायचा, चित्र हललं की गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायचा. खरी पंचाईत सतरंजीची होती. पुंजाजी बौद्धपुऱ्यातले, आणि त्यांच्या हातच्या सतरंजीवर बौद्धपुऱ्यातली माणसं आधीच येऊन बसलेली. पाटीलपुऱ्यातली मंडळी पहिले काही महिने खिडकीबाहेर उभी राहूनच टीव्ही पाहायची. पण रविवारची पौराणिक मालिका सुरू झाली, गर्दी वाढली, खिडकीत मान वाकडी करून उभं राहण्यानं पायांचे तुकडे पडायला लागले. मग एक जण आत येऊन भिंतीला टेकला, दुसरा उकिडवा बसला, आणि दिवाळीपर्यंत सगळे मांडीला मांडी लावून बसले. गावात समता आणायला कोणी भाषण केलं नाही, पाय दुखले म्हणून ती आली. पुंजाजी ही गोष्ट इतक्या वेळा सांगायचे की पुढं त्यांच्या नातीचं नावच त्यांनी समता ठेवलं.

घरोघर टीव्ही आले तसं टीव्हीघर ओस पडेल असं वाटलं होतं. पडलं नाही, कारण पुंजाजींनी कुठून तरी कॅरम मिळवला. त्या कॅरमवर त्यांचे भिडू म्हणजे पाटीलपुऱ्यातले अर्जुनराव. वांगी-टमाट्याचा मळा, भरदार मिशा, आणि हरल्यावर बोर्डाला नावं ठेवायची खोड. पहिल्या वर्षी खेळाच्या भरात पुंजाजी ओरडले होते, "अर्जुनराव, तू राणी सोड न बे!" ओरडल्यावर आपण कोणाला तू म्हटलं ते त्यांच्या लक्षात आलं. अर्जुनरावांनी मात्र मान वर न करता उत्तर दिलं, "कायले सोडू? तुया बापाची हाय काय राणी?" तेव्हापासून हॉलमध्ये दोघांचं अरेतुरे चालायचं आणि दाराबाहेर पाऊल पडलं की पुंजाजी पुन्हा अहोजाहोवर यायचे.

आधी टीव्हीसमोर, मग कॅरमवर, चाळीस वर्षं रोज पाच ते सात. एवढ्या वर्षांत अर्जुनराव एकदाही पुंजाजींच्या घरी आले नव्हते आणि पुंजाजी अर्जुनरावांच्या ओसरीच्या पलीकडं गेले नव्हते. भांडण नव्हतं, कधी गरजच पडली नाही. गावात बसायला जागा काय कमी होत्या? मंदिराचा सभामंडप होता, बौद्धपुऱ्यात विहार होतं, चौकात पार होता. पण प्रत्येक जागा कोणाची ना कोणाची होती. टीव्हीघर सरकारी, म्हणजे कोणाचंच नाही, म्हणून तिथं दोघं बसू शकत होते. हे पुंजाजींना पक्कं ठाऊक होतं, आणि टीव्हीघर गेलं तर अर्जुनरावही गेले, हेही ठाऊक होतं.

इमारत थकत चालली होती. गच्ची गळायची, भिंतीतून हात घालता येईल अशा भेगा पडल्या, स्लॅबच्या सळया कोंबडीच्या पायासारख्या बाहेर आल्या. दर पावसाळ्यानंतर पुंजाजी स्वतःच्या अक्षरात अर्ज द्यायचे. विषय, करमणूक केंद्राच्या दुरुस्तीबाबत. असे अकरा अर्ज झाले. अर्जांचं काय होतं ते देवालाही माहीत नसावं. बारावा अर्ज घेऊन ते गेले तेव्हा ग्रामपंचायतीत नवा ग्रामसेवक आला होता, शेखर. पोरगा मनानं चांगला, मदतीला धावणारा. अर्ज वाचून तो म्हणाला, "काका, 'दुरुस्ती' लिहिलं की कागद खालीच राहतो. 'धोकादायक' लिहा. मग बघा वरचे कसे पळत येतात."

पुंजाजींनी तिथंच उभ्या उभ्या शब्द बदलला. इमारत अत्यंत धोकादायक झाली आहे, तरी तातडीने कार्यवाही व्हावी.

आणि खरोखर पळत आले. आठ दिवसांत इंजिनिअर हजर! त्यांनी हातोडीनं खांब ठोकले, फोटो काढले, पुंजाजींच्या हातचा चहा घेतला. डिसेंबरात कागद आला. शेखर रजेवर होता, जुन्या शिपाईपणाच्या हक्कानं पाकीट पुंजाजींनीच उघडलं. 'सदर इमारतीच्या निर्लेखनास मंजुरी देण्यात येत आहे.' मंजुरी! ज्या शब्दाची बारा वर्षं वाट पाहिली तो शब्द शिक्क्यासकट समोर होता. आता हे निर्लेखन काय प्रकरण, याचा त्यांनी थोडा विचार केला. लेखन म्हणजे लिहिणं, तर निर्लेखन म्हणजे भिंतीवरचं जुनं लिहिलेलं खरडून नवा रंग देणं असणार. सरकारी मराठी आहे, सरळ थोडंच बोलणार?

बाजाराचा दिवस होता. पुंजाजींनी किलोभर जिलेबी आणली आणि चौकात उभं राहून वाटली. अर्जुनरावांनी चार जिलेब्या खाल्ल्या आणि लगेच रंगावरून वाद काढला. पुंजाजींना आकाशी हवा होता, अर्जुनरावांना पिस्ता.

"आकाशी लवकर मळते बे. पोट्टे हात लावतीन," अर्जुनराव म्हणाले.

"अन् पिस्ता काय दवाखान्यावानी दिसन!"

तीन दिवस हा वाद चालला. पुंजाजींच्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे तीन दिवस असावेत.

चौथ्या दिवशी शेखर आला. त्यानं कागद वाचला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग हळूच म्हणाला, "काका, निर्लेखन म्हणजे दप्तरातून इमारत काढून टाकणं. शिकस्त, म्हणजे मोडकळीला आली म्हणून. नाव कापायचं आणि मग पाडायची."

"पाडाची?"

"हो. तुमच्याच अर्जावर आहे ते. धोकादायक म्हटल्यावर दुरुस्तीला पैसा मिळतच नाही. माझं चुकलं काका. मला वाटलं होतं..."

"मंग पाडणं असं काऊन नाही लिहित?" पुंजाजी ओरडले. "पाडतो म्हना न सरळ! मानसाले समजन तरी!"

गावाला चघळायला विषय मिळाला. टीव्हीघर पाडायची जिलेबी पुंजाजींनी वाटली, हे जो तो दुसऱ्याला सांगू लागला. अर्जुनरावही पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी मात्र ते गंभीर चेहऱ्यानं आले आणि बोर्डावर पावडर टाकता टाकता म्हणाले, "आईक. म्या शेखरले विचारलं. पाडाले ग्रामसभेचा ठराव लागते. सव्वीस जानेवारीले ग्रामसभा हाय. मी उठतो अन् म्हनतो, ज्यानं चाळीस वर्ष हॉल झाडला त्याले विचारा. तू सांग का हॉल मजबूत हाय, अर्जात चुकीनं लिहिलं. वीस हात मी तयार ठेवतो. पुन्हा दुरुस्तीचा अर्ज करू."

"अन् इंजिनिअर?"

"इंजिनिअर एक दिवस आला. तू रोज येतं. तुया शब्दाले वजन हाय."

पुंजाजींच्या जिवात जीव आला. त्या संध्याकाळी ते मुद्दाम हरले.

टीव्हीघरात त्या महिन्यात गर्दी होती. सव्वीस जानेवारीला शाळेच्या पोरींचं लेझीम असायचं, आणि सराव हॉलमध्ये चालायचा. बारा पोरी, दोन्ही पुऱ्यांतल्या. समता पहिल्या रांगेत डावीकडून दुसरी. एका कोपऱ्यात म्हाताऱ्यांचा कॅरम आणि उरलेल्या हॉलभर छुमछुम.

एकवीस तारखेला सकाळी पुंजाजी झाडायला गेले. दार उघडलं. स्लॅबचा एक तुकडा खाली पडला होता. जेवायला बसायचा पाट असतो तेवढा, भोवती हातभर पसरलेला चुरा. बरोबर पहिल्या रांगेच्या जागी, डावीकडं. आदल्या संध्याकाळी पोरी तिथंच नाचत होत्या.

त्यांनी दार आतून लावून घेतलं. तुकडा कुदळीनं फोडला, घमेल्यात भरून मागच्या नालीत टाकला, फरशी धुतली. पोरींना सांगितलं, लाईट बिघडली, चार दिवस शाळेच्या मैदानात नाचा. कॅरम उचलून दाराच्या चौकटीखाली आणला. संध्याकाळी अर्जुनरावांनी वर पाहून विचारलं, "हे भोक कवाचं?"

"जुनंच हाय," पुंजाजी म्हणाले. चाळीस वर्षांत अर्जुनरावांशी बोललेलं हे पहिलं खोटं. बोलताना त्यांना स्वतःचीच घाण वाटली, पण बोलले. त्या दिवशी आणि त्यानंतर चारही दिवस ते मनात एकच हिशेब करत राहिले. कधी लाईट बिघडली म्हणायचं, कधी किल्ली हरवली म्हणायचं, पोरींना आत येऊच द्यायचं नाही, दोघा म्हाताऱ्यांपुरतं चौकटीखाली बसायचं. मेलो तर आपण मरू. पण पोरी काय विचारून येतात? पावसात, उन्हात, लपंडावात, पोरं खिडकीतूनही घुसतात. चाळीस वर्षं त्यांनीच तर सगळ्यांना सवय लावली होती.

सव्वीसला झेंडावंदन झालं. लेझीम फार सुरेख झालं. मग शाळेच्या मैदानातच ग्रामसभा बसली. सरपंच संजीवनीताईंनी विषय वाचला, करमणूक केंद्राची शिकस्त इमारत पाडण्याबाबत. अर्जुनराव ठरल्याप्रमाणं उठले.

"कागदाचं राहू द्या ताई. ज्यानं हॉल चाळीस वर्ष झाडला तो इथं बसला हाय. त्याले विचारा."

त्यांच्यामागं वीसेक जण सावरून बसले. संजीवनीताई पुंजाजींकडं वळल्या. "काका, तुम्हीच सांगा. तुमचा शब्द आम्ही धरू."

पुंजाजी उठले. समोरच्या सतरंजीवर पोरी बसल्या होत्या, कपाळावरचा घाम अजून वाळला नव्हता. समता आजोबांकडं पाहून हसली, कारण आजोबा भाषण करणार असं तिला वाटलं. पुंजाजींनी अर्जुनरावांकडं पाहिलं. अर्जुनरावांनी हळूच मान हलवली, बोल म्हणून.

"मंगळवारच्या राती स्लॅबचा तुकडा पडला," पुंजाजी म्हणाले. "पाटाएवढा. पोट्ट्या जिथं उभ्या राह्यतात तिथं. म्या तो फोडून फेकला अन् कोनाले सांगतलं नाही. लाईट बिघडली म्हनून खोटं बोललो." आणि मग म्हणाले, "पाडा. लवकर पाडा."

एका बाईनं आपली पोर ओढून मांडीत घेतली. मग हात वर झाले, एकामागून एक. अर्जुनरावांचा हात सगळ्यात शेवटी वर गेला. तो खाली घेताना त्यांनी पुंजाजींकडं पाहिलं नाही. खोटं बोललास याचा राग होता की खरं बोललास याचा, ते पुंजाजींना कधीच कळलं नाही.

फेब्रुवारीत जेसीबी आला आणि अर्ध्या दिवसात काम उरकून गेला. नव्या हॉलचं काय, असं पुंजाजींनी शेखरला विचारलं. तो बिचारा खरं तेच बोलला. गावाची लोकसंख्या नव्या हॉलच्या निकषात बसत नाही, आणि त्या जागेवर पाण्याची टाकी धरली आहे. कॅरम मंदिराच्या सभामंडपात गेला. पुंजाजींना तिथं येऊ नको असं कोणी म्हटलं नाही. असं तोंडावर बोलायचे दिवस आता राहिले नाहीत. पण ये असंही कोणी म्हटलं नाही. आणि बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस म्हातारपणी खेळासाठी देवळात जाऊन बसणार थोडाच? पाच वाजले की ते दारात खुर्ची टाकून बसायचे आणि सात वाजता उठायचे.

मार्चात एका संध्याकाळी सहाच्या सुमारास अर्जुनराव बौद्धपुऱ्यात आले. मुलाच्या मोटारसायकलवर, एकटेच. पुंजाजींच्या दारासमोर गाडी थांबली तेव्हा पुंजाजी धडपडत उठले. "सिंधू, चहा ठेव!" त्यांनी आत बायकोला हाक मारली आणि स्वतःची खुर्ची पुढं केली. "बसा न, अर्जुनराव."

"बरा हाय असाच," अर्जुनराव म्हणाले. ते गाडीवरच बसून राहिले, एक पाय जमिनीला टेकवून. कांद्याचं बोलले, गुडघ्याचं बोलले. मग म्हणाले, "तिकडं खेळाले मजा नाही येत. पोरायले राणी कवा काढाव हेच समजत नाही."

"शिकतीन," पुंजाजी म्हणाले.

सिंधूताई ताटलीत दोन कप घेऊन आल्या. घरातले चांगले कप, फुलांचे. अर्जुनरावांनी कपांकडं पाहिलं, मग गल्लीच्या तोंडाकडं पाहिलं, जिथून पाटीलपुऱ्याची वाट जाते. "नको वहिनी," ते म्हणाले, "आताच घेऊन निंघालो." संध्याकाळचा चहा अर्जुनराव सातनंतरच घेतात हे पुंजाजींना पाठ होतं. अर्जुनरावांनाही ते माहीत होतं. म्हणून तर त्यांनी उत्तर देताना फक्त सिंधूताईंकडं पाहिलं.

"येतो मंग," म्हणून त्यांनी गाडीला किक मारली.

गाडी वळून दिसेनाशी झाल्यावर सिंधूताईंनी विचारलं, "काऊन आलते?"

"भेटाले," पुंजाजी म्हणाले, आणि भरल्या डोळ्यांनी त्यांनी दोन्ही कप हातात घेतले. माणूस भेटायला आला होता हे खरं होतं. त्याला गाडीवरून खाली उतरता आलं नाही, हेही खरं होतं. दोघांपैकी वाईट कोणीच नव्हतं, म्हणून रागवायलाही जागा राहिली नाही. त्यानंतर अर्जुनराव त्या गल्लीत आले नाहीत.